आज कोण आलं नाही?
वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं

मागच्या अंकात आम्हा ख्रिस्ती कुटुंबांतल्या घरोघरच्या प्रार्थनांबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि अकरा पत्रं आली. त्यातली सहा इथे घेते. नव्या वाचकांसाठी थोडी माझी ओळख: मी ठाण्यात 1981 पासून राहते. नोकरी परिचारिकेची झाली, आता निवृत्त आहे. आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाचं चिटणीसपद 22 वर्षं सांभाळलं. उत्तरं त्या अनुभवातून देते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही श्रीरामपूरहून घणसोलीला आलो. मिस्टर महाप्याला नोकरीला आहेत. दर रविवारी दोन्ही मुलांना घेऊन मी लोकलने ठाण्याला चर्चच्या मराठी उपासनेला येते. आशीर्वाद झाला की दाराशी पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) नमस्कार करते आणि परतीची गाडी पकडते. गावाकडे सगळी मंडळी मला नावाने हाक मारायची. इथे माझं नाव तिघींनाही माहीत नसेल. महिला मंडळ शनिवारी दुपारी असतं, पण मुलांना कुठे ठेवू? — एक भगिनी, घणसोली

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यातलं बरंचसं माझ्यावरूनच गेलेलं आहे. संगमनेर तालुक्यातून लग्न होऊन मी कळव्याच्या चाळीत आले. सहा महिने चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे आणि उठून घरी जायचे. सातव्या महिन्यात एका मंगळवारी, रात्रपाळी करून झोपले होते, तर दारावर थाप पडली. बाहेर तीन बायका. एकीच्या हातात डबा, दुसरीच्या हातात गीतांचं पुस्तक, तिसरीकडे खाकी कव्हरची शंभर पानी वही. वहीवाल्या मावशींनी एवढंच विचारलं, "दोन रविवार दिसला नाहीत. बरं आहे ना?" मला दोन्ही रविवारी ड्यूटी होती. पण ठाण्यात आल्यापासून मला असं कुणी विचारलंच नव्हतं. उंबऱ्यातच मला रडू आलं.

ती वही पुढे माझ्याकडे आली म्हणून सांगते. डावीकडे नावं, पुढे एकेका रविवारचे रकाने. जी आली तिच्यापुढे काहीच लिहायचं नाही. जी आली नाही तिच्यापुढे पेन्सिलीने छोटा गोल काढायचा. कुणी जाऊन भेटून आलं की तो गोल शाईने भरायचा. महिनाअखेरीला मावशी वही उघडायच्या आणि रिकामे राहिलेले गोल मोजायच्या. किती जणी जमल्या हे त्यांनी कधी मोजल्याचं मला आठवत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आमच्यासारख्या जुन्या बायकांना द्यायला हवं. दोन वर्षं एक बाई दोन पोरांना घेऊन लोकलने येते आणि आपल्याला तिचं नाव माहीत नाही, ही चूक आपली आहे, तिची नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकीने येत्या रविवारी मागच्या बाकांकडे वळून बघावं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. एक रविवार गाडी सोडा. उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी पंधरा मिनिटं थांबा आणि तिथे कपबशा भरणाऱ्या बाईला विचारा, "आमच्या भागातली घरगुती प्रार्थना कुठल्या वारी असते?" चहा कसा आहे, मुलं कितवीत आहेत यापेक्षा या प्रश्नाने लवकर ओळख होते. आमच्या मंडळीचे सहा विभाग आहेत. त्यातला ऐरोली ते कोपरखैरणे हा एक. तिथली प्रार्थना गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, दर वेळी वेगळ्या घरी. तिथे दहा-बारा माणसं असतात, कुणाचं नाव माहीत नाही असं होऊच शकत नाही. मुलं बरोबर आणायची. ती आतल्या खोलीत खेळतात नाहीतर मांडीवर झोपतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

दुसरं म्हणजे, श्रीरामपूरच्या मंडळीतून सभासदत्वाचा दाखला आणलात का? बहुतेक जण "आणू कधीतरी" म्हणतात आणि वर्षं निघून जातात. दाखला आला की तुमचं नाव इथल्या यादीत चढतं. मग वाढदिवसाला प्रार्थनेत नाव घेतात, आजारपणात कुणी येतं, वार्षिक सभेत मत देता येतं. सुट्टीत गावी जाल तेव्हा आठवणीने घेऊन या.

शनिवारच्या वेळेचं म्हणाल, तर ती वेळ आमच्या पिढीच्या सोयीची आहे. चिटणीसबाईंना लेखी कळवा. चार तरुण आयांनी सह्या केल्या तर महिन्यातली एक सभा रविवारी उपासनेनंतर, मुलांची संडे स्कूल चालू असताना घेता येते. आमच्याकडे तसं केलं आणि त्या सभेला सगळ्यात जास्त बायका येऊ लागल्या.

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आलंय. नव्या घराच्या 'उपकारस्तुती'ला त्यांनी आम्हाला बोलावलंय. सासूबाई विचारतात, तिथे काय करतात? काय न्यायचं? प्रसाद घ्यायचा का? धर्म बदलायला तर सांगणार नाहीत ना? — एक वाचक, नौपाडा

उत्तर : ताई, जा आणि सासूबाईंनाही घेऊन जा. तुमच्याकडे वास्तुशांत करतात, तशी आमच्याकडे देवाचे आभार मानायची प्रार्थना असते. सतरंजीवर नाहीतर खुर्च्यांवर बसायचं. पेटी-ढोलकीवर दोन-तीन गीतं होतात. मराठी मंडळीत भजनाची परंपरा जुनी आहे, सासूबाईंना चाली ओळखीच्या वाटतील. मग बायबलमधला एक भाग वाचतात, पाळक दहा-पंधरा मिनिटं बोलतात, घरासाठी आणि आजारी माणसांसाठी प्रार्थना होते. त्या वेळी सगळे मान खाली घालून डोळे मिटतात. बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, तुमच्यावर सक्ती नाही. शेवटी सगळे मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणतात. तुम्ही गप्प बसलात तरी कुणाला वावगं वाटणार नाही.

नंतर जे वाढतील ते साधं जेवण किंवा फराळ असतो. प्रसाद हा प्रकार आमच्यात नाही. भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, ज्याला आम्ही प्रभुभोजन म्हणतो, तो वेगळा. तो पाळकांच्या हातून होतो, अशा पाहुण्यांच्या कार्यक्रमात नसतो. दानाची थाळी फिरली तर पुढे सरकवा. नेण्यासाठी फळं, मिठाई, एखादी कुंडी, काहीही चालेल.

धर्माचं विचारलंत ते बरं केलंत, मनात ठेवून गेला असतात तर अवघडून बसला असतात. घरी बोलावलेल्या पाहुण्याच्या श्रद्धेला हात घालणं हा या प्रार्थनेचा भाग नाही. कुणी तसं बोललंच तर घरच्या बाईंना स्पष्ट सांगा, त्यांनाच जास्त वाईट वाटेल. आणि एक आतली गोष्ट: तुम्ही त्यांना गणपतीला बोलवाल तेव्हा ते येतील, आरास बघतील, गप्पा मारतील, पण कदाचित प्रसाद घेणार नाहीत. आमच्यातली काही घरं घेतात, काही घेत नाहीत, आणि यावर आमच्यात पहिल्या शतकापासून चर्चा चालू आहे. तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : मावशी, मी ऐरोलीत राहतो, आयटीत आहे, चर्चच्या तरुण संघाचा खजिनदार आहे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 140 जण आहेत, पण शुक्रवारच्या सभेला नऊ येतात. सगळ्यांच्या शिफ्ट वेगळ्या. आमच्यातले काही म्हणतात, सभा कायमची ऑनलाइन करून टाकू. तुम्हाला काय वाटतं? — एक तरुण, ऐरोली

उत्तर : बाळा, ऑनलाइनला मी नावं ठेवणार नाही. 12 एप्रिल 2020 चा पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, आम्ही सगळ्यांनी घरात मोबाइलसमोर बसून केला. त्या वर्षी फोनवरच्या प्रार्थनेने कितीतरी एकट्या माणसांना धरून ठेवलं. आजही रात्रपाळीच्या नर्सला, अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला तो मोठा आधार आहे. तो चालू ठेवाच. पण जो चालू शकतो, येऊ शकतो, त्याच्यासाठी तेवढंच ठेवलंत तर संघ हळूहळू विरून जाईल. पडद्यावर कुणाचा चेहरा उतरलाय हे कळत नाही. कॅमेरा बंद करून माणूस सहज निघून जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुला एक जुनी गोष्ट सांगते. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात 1780 साली रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने रविवारची शाळा सुरू केली. मुलं आठवडाभर कारखान्यात राबायची, मोकळा वार काय तो रविवार. त्या दिवशी त्यांना वाचायला-लिहायला शिकवायची सोय केली. आज आपण संडे स्कूल म्हणतो त्या चळवळीने तिथे जोर धरला. मुलांनी शाळेसाठी वेळ काढला नाही, शाळेने मुलांना मोकळा असलेला वार धरला. तुमचा शुक्रवार कुणी ठरवला? ज्यांनी ठरवला त्यांना आता नातवंडं असतील. 140 जणांना एकच प्रश्न पाठव: आठवड्यातला कुठला दीड तास तुझा स्वतःचा आहे? मला वाटतं, उत्तर रविवारी सकाळी उपासनेआधी किंवा नंतर असंच येईल. मात्र ट्रान्स हार्बर लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) रविवारीच असतो, तोही बहुतेक वेळा अकरानंतर. तो बघून वेळ ठरव, नाहीतर घणसोली-रबाळ्याची मुलं रिक्षाला पैसे घालून दमतील.

आणि सभेत नुसतं बसायला बोलावू नका, काम द्या. तरुण मुलं भाषणाला कंटाळतात, पण कामाला कंटाळलेली मी पाहिलेली नाहीत. कुणाला गिटार, कुणाला गाड्यांचा हिशेब, कुणाला एका आजीची औषधं आणण्याचं काम.

इथे एक सल आहे, तो सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आमची कॅरोलची (नाताळगीतांची) फेरी नवी मुंबईत होती. टेम्पो, ढोलकी, सांताक्लॉजचा लाल अंगरखा, बारा घरं. दहानंतर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे उशीर होत गेला तसं आम्ही नुसत्या आवाजावर गात राहिलो. अकरा घरं झाली तेव्हा शेवटच्या लोकलची वेळ आली होती. बारावं घर तिसऱ्या मजल्यावर, एका एकट्या आजींचं. कुणीतरी म्हणालं, "उद्या फोन करू त्यांना." मी टेम्पोतच होते. गाडी वळवा असं मी म्हणाले नाही. रविवारी आजी चर्चला आल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि चहाच्या टेबलावर ठेवला. आत करंज्या होत्या. शेजारणीकडून नंतर कळलं, त्यांनी बावीस ताटल्या मांडून, प्रत्येकीवर दोन-दोन करंज्या आणि चिवडा ठेवून, वर पेपर झाकून दीड वाजेपर्यंत दार उघडं ठेवलं होतं.

त्यानंतरच्या वर्षापासून आमची फेरी त्यांच्या घरापासून सुरू होऊ लागली. तुमच्या संघाला सुरुवात करायची असेल तर अशा पाच घरांची यादी कर. नऊ जण पुरेसे आहेत. दोघा-दोघांनी महिन्यातून एका घरी जायचं, अर्धा तास बसायचं, एक गीत म्हणायचं, बल्ब गेला असेल तर बदलायचा. सहा महिन्यांनी मला आकडा कळव.

प्रश्न : आम्ही कॅथलिक, वर्तकनगरला राहतो. सूनबाई चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या घरातली. आमच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीला, रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) तिने आलेलं चालेल का? — एक सासू, ठाणे

उत्तर : चालेल, आनंदाने. समूहाची बैठक म्हणजे आपल्या गल्लीतल्या, इमारतीतल्या कुटुंबांनी एकत्र येऊन शास्त्र वाचणं आणि एकमेकांची विचारपूस करणं. तिथे ती हक्काने बसू शकते. मे महिन्यात गावठाणांतल्या क्रुसांपाशी रोझरी असते तेव्हाही तिला न्या. तिला सगळे शब्द येणार नाहीत, शेजारी बसून सांगा. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, मात्र पवित्र कम्युनियन (प्रभुभोजन) घेण्याचा तुमच्या चर्चचा नियम कॅथलिकांपुरता आहे, ते तिला आधीच प्रेमाने समजावा, म्हणजे भर रांगेत तिचा अपमान व्हायला नको. तुमच्या भागात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर तिला तिथलं काम दाखवा. पॅरिसमध्ये 1833 साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांना घेऊन ती सुरू केली. गरिबांच्या घरी स्वतः जाऊन भेटायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. माझ्या मावशींची वही आणि ही रीत मला एकाच घरातल्या वाटतात.

तुम्हीही तिच्याकडे जा. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, तो सगळ्या चर्चच्या बायकांचा. दर वर्षी एका देशातल्या बायका प्रार्थना लिहितात आणि जगभर तीच म्हणतात. 2024 ला पॅलेस्टाइनच्या होत्या, 2025 ला कुक बेटांच्या, 2026 साठी नायजेरियाच्या. 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. सूनबाईंचं चर्चही सहा चर्च एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालं. आणि आपल्या ठाण्यात तलावपाळीजवळचं तुमचं कॅथलिक सेंट जॉन द बाप्टिस्ट आणि 1825 मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झालेलं, सूनबाईंच्या चर्चचं सेंट जेम्स ही दोन्ही जुनी चर्चं आहेत. सासू-सुनेने एकेका रविवारी एकमेकींबरोबर जावं.

प्रश्न : मी 79 वर्षांचा आहे. कोपरखैरण्याला पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, गुडघे गेले, ऐकू कमी येतं. पत्नी महिला मंडळात होती. ती असताना घरी दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी यायचं. ती जाऊन दीड वर्ष झालं. स्मरणार्थ प्रार्थना झाली, त्यानंतर कुणीही आलेलं नाही. तक्रार नाही, फक्त विचारतो. — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दादा, तुम्ही तक्रार करायला हवी होती. तुमचं पत्र आलं त्या रात्री मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. आमच्या वहीत घर हे बाईच्या नावावर असतं. बाई देवाघरी गेली की आम्ही पट्टी धरून ती ओळ मारतो, शेजारी तारीख घालतो. त्या ओळीबरोबर तिचा नवराही मारला जातो, हे 22 वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. शोधलं तेव्हा माझ्याच हाताने मारलेल्या अशा चार ओळी सापडल्या. दोघे गृहस्थ आता हयात नाहीत. उरलेल्या दोघांकडे मी जाऊन आले.

तुमच्या मंडळीच्या पाळकांना मी कळवलं आहे. प्रभुभोजन घरी देता येतं, त्यासाठी पाळकांकडे लहान पेटीतला संच असतो, बोटाएवढे पेले आणि भाकरीची चपटी डबी. नुसता एक निरोप द्यायचा असतो, तोही तुम्ही द्यायला हवा असं नाही, घरातल्या किंवा शेजारच्या कुणीही द्यावा. येणाऱ्यांनी त्या दिवशीचं वाचन आणि गीतं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आणावीत, म्हणजे ऐकू आलं नाही तरी तुम्ही बरोबरीने म्हणू शकाल. तुमच्या उजव्या बाजूला बसून सावकाश बोलावं, ओरडू नये. ओरडल्याने शब्द कळत नाहीत, हे मी वॉर्डात शिकले.

एक विनंती माझीही आहे. तुमचं अक्षर फार सुरेख आहे. महिन्यात ज्यांचे वाढदिवस असतात त्यांची यादी आणि कोरी कार्डं तरुण संघाची मुलं तुम्हाला आणून देतील. तुम्ही लिहा, पुढच्या रविवारी ती वाटली जातील. मुलांना महिन्यातून दोनदा जिना चढावा लागेल, मला तेच हवं आहे.

प्रश्न : आमची एकच खोली आहे, कळव्याला. घरगुती प्रार्थना आमच्याकडे ठेवायची फार इच्छा आहे, पण माणसं बसवू कुठे? — एक भगिनी, कळवा

उत्तर : जरूर ठेवा. पहिल्या शतकातल्या मंडळ्या घरांतच जमत होत्या, चर्चच्या इमारती नंतर आल्या. माझ्या कळव्याच्या खोलीत आम्ही पंधरा जणी बसलो आहोत. कॉट उभी करून भिंतीला लावा, गादी तिच्या मागे. म्हाताऱ्यांसाठी शेजारून तीन खुर्च्या आणा, बाकीच्या सतरंजीवर. चपला जिन्यात एका बाजूला, म्हणजे वरच्यांची वाट अडणार नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की साडेसात ते साडेआठ गाणी होतील, आणि त्यांनाही चहाला बोलवा. पेटी नसली तरी चालेल, टाळ्यांवर म्हणता येतं. खायला करायच्या भानगडीत पडू नका. कुणी पोहे केले की पुढची समोसे आणते, तिच्या पुढची पुलाव करते, आणि मग जिच्याकडे पैसे नाहीत ती नाव द्यायचंच थांबते. आमच्या विभागात नियम आहे, चहा आणि बिस्किट, सगळ्यांकडे सारखंच. शेवटचं गीत सुरू झालं की एकीने हळूच उठून आधण ठेवायचं.

तुमची तारीख मला कळवा. कळव्याला मी चालत येऊ शकते.